धक्क्याला लागेपर्यंत

भावोजी,

तुमचा शेवटचा अंदाजही चुकला. हे तुम्हाला कुणी तरी सांगायला हवं, आणि ताई सांगणार नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. हॉस्पिटलात उशीला टेकून बसल्या बसल्या तुम्ही मला बजावलं होतंत, "विनायक, भट्टी बंद करायची मनाची तयारी ठेव. तेल असं भडकेल की गॅस त्याच्या मागोमाग जाईल, आणि धायरीत लोखंड तापवणं कुणाला परवडायचं नाही." भडकलं, नाही असं नाही. काही दिवस सगळ्या जगाचं धाबं दणाणलं होतं. मग ज्या वाटेनं चढलं त्याच वाटेनं उतरलं. भट्टी चालू आहे. आज सकाळीच गिअरचा एक लॉट बाहेर काढला, हात धुतले आणि कागद पुढ्यात घेतला.

तुमचे अंदाज चुकण्याची मला सवय आहे. तुम्ही म्हणालात तेल चढणार, की मी निर्धास्त व्हायचो. तुम्ही म्हणालात आता उतरणार, की मी ताबडतोब फर्नेस ऑइलची टाकी भरून घ्यायचो. माझं वर्कशॉप या धोरणावर उभं आहे, हे मी तुमच्या तोंडावर कितीदा तरी बोललोय. पण अंदाज चुकला म्हणून इतकं हायसं वाटावं की शेडच्या मागं जाऊन रडून घ्यावं, असं मात्र या वेळीच झालं. मुक्ता घरी आली, भावोजी. तुमची मुलगी सुखरूप घरी आली. आणि तुम्ही माझ्या गळ्यात जो निरोप अडकवून गेलात, तोही आता सुटला. पण ते क्रमानं सांगतो. शेवट आधी ऐकायला तुम्हाला कधी आवडलं नाही.

तुम्ही ताईला बघायला खडकीला आमच्या क्वार्टरमध्ये आलात, तेव्हा मी कॉलेजात होतो. मुलाचं काम काय, तर रिफायनरीसाठी परदेशातून कच्चं तेल विकत घ्यायचं, एवढंच बाबांना कळलं होतं. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातले. त्यांना वाटलं, डबे घेऊन कुठे तरी जात असतील. मुलीला गाणं येतं का, शिवण येतं का, असलं काही तुम्ही विचारलं नाहीत. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, तो ऐकून तुम्ही विचारलंत, "गॅसला नंबर लावलाय का?" बाबा म्हणाले, लावलाय, पण मिळणार कधी ते देवाला माहीत. त्यावर तुम्ही पोह्यांची बशी हातात धरून, इराणात काय उलथापालथ झाली आणि तिच्यामुळे खडकीतली रॉकेलची रांग का लांबली, हे समजावून सांगायला लागलात. पोहे गार झाले. बोलणं संपेना, तेव्हा आतून ताईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, त्या रांगेत मी उभी असते. दुकानदार अर्धा माल मागच्या दारानं विकतो, म्हणून लांबते." तुम्ही बशी खाली ठेवून मोठ्यानं हसलात. लग्न तिथंच ठरलं.

बाबा लगेच पेढे आणायला निघाले, तर तुम्ही त्यांना अडवलंत. "कार्य होऊ द्या, मग वाटा. अजून समुद्रात आहे." आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. समुद्रात काय आहे?

ती तुमच्या खात्यातली रीत होती, हे पुढे कळलं. जहाज भरलं तरी बोलायचं नाही. निघालं तरी नाही. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडलं तरी नाही. धक्क्याला लागलं, दोर बांधले, नळी जोडली, की मग साहेबाला जाऊन सांगायचं, "लागलं." तोवर माल आपला नाही. कारण वाटेत काहीही होऊ शकतं. वादळ येतं, लढाई पेटते, आणि कधी कधी दुसराच कुणी जास्त भाव देतो आणि भरलेलं जहाज भर समुद्रात तोंड फिरवतं. ऑफिसातली ही रीत तुम्ही घरात आणलीत आणि बघता बघता ती आमच्या सगळ्या घराला चिकटली. ताईला दिवस गेले तेव्हा इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार, तरी सातव्या महिन्यापर्यंत आईलासुद्धा पत्ता नाही. मुक्ताचा दहावीचा पेपर चांगला गेला म्हणून मी पेन आणलं, तर तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत. माझी नवी भट्टी आली, मला नारळ फोडायची घाई; तुम्ही म्हणालात, पहिला लॉट निघू दे. मी चिडून विचारलं होतं, "भावोजी, तुमच्या घरात एखादी गोष्ट व्हायच्या आधी तिचा आनंद करायची काही सोय आहे का?" तुम्ही म्हणालात, "आहे ना. मनातल्या मनात करायचा. त्याला जागा लागत नाही."

निवृत्त होऊन तुम्ही सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलात आणि आपल्या भांडणांना रविवार मिळाला. तुम्ही रिक्षानं धायरीला यायचात, भट्टीपासून लांब खुर्ची टाकून बसायचात आणि मला टर्मचं महत्त्व पटवायचात. टर्म म्हणजे लांब मुदतीचा करार, आणि स्पॉट म्हणजे आज बाजारात जो भाव असेल त्या भावानं उचल. माझा जन्म स्पॉटवर गेला. आज आलेलं काम आज करायचं, उद्याचं उद्या. तुमचं म्हणणं, एका मोठ्या कारखान्याशी वर्षाचा करार कर, भाव थोडा कमी आला तरी चालेल. "करार स्वस्त पडावं म्हणून करत नाहीत, विनायक. झोप यावी म्हणून करतात."

मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मला आयताच मुद्दा मिळाला. युरोपला गॅसची चणचण भासली, ते म्हणतील तो भाव द्यायला लागले. तेव्हा आपल्या देशाशी लांब मुदतीचा करार केलेल्या एका परदेशी विक्रेत्यानं ठरलेला दंड आनंदानं भरला आणि आपली जहाजं त्यांच्याकडे वळवली. दंड भरूनही त्याला फायदाच होता. मी वर्तमानपत्र तुमच्यासमोर धरलं आणि म्हणालो, "हा घ्या तुमचा टर्म. झोपा आता." तुम्ही चष्मा लावून ती बातमी पूर्ण वाचलीत. शेवटी म्हणालात, "करार असताना जो असा वागतो, तो करार नसताना कसा वागला असता, याचा विचार कर." मी म्हणालो, तसाच वागला असता, फक्त तुम्हाला धक्का बसला नसता. तिथं वाद अर्धा राहिला. तुम्ही गेल्यावर त्या वादात आता मी एकटाच उरलोय, आणि खरं सांगू का, हल्ली मधूनमधून मला तुमचं म्हणणं पटायला लागलंय. हे तुम्ही असताना बोललो असतो तर तुम्ही महिनाभर मिरवलं असतंत.

आमचे शेडमालक बाळासाहेब त्या रविवारच्या बैठकीला हटकून येत. धायरी गाव होतं तेव्हाची त्यांची जमीन, तीवर आता आमच्यासारख्यांच्या शेड. त्यांनी एकदा तुम्हाला विचारलं, "सायेब, त्ये आखात हितनं लई लांब हाय म्हंता. मंग तिकडं कुनी नुसतं डोळं वटारलं की आमच्या विनायकरावाचा गॅस का म्हागतो?" तुम्ही खुलून सांगितलंत, की जगातलं कितीतरी तेल आणि गॅस त्या एका चिंचोळ्या वाटेनं येतं. मार्केट यार्डात उद्या गाड्या येणार नाहीत अशी नुसती कुणकुण लागली तरी कांदा आजच चढतो ना, तसं. माल तेवढाच असतो, पण उद्याची धास्ती आजच्या भावात घुसते. बाळासाहेब विचार करून म्हणाले, "म्हंजी निम्मं त्याल आन निम्मं भ्या. आपन दोन्हीचं पैसं भरतो." पुढे तुम्ही कुठं भाषणाला गेलात की हे वाक्य सांगायचात, आणि ते आमच्या शेडमालकांचं आहे हेही न विसरता सांगायचात.

आणि टाळेबंदीतला तो दिवस. गाड्या थांबल्या, विमानं थांबली, कुणाला तेल नको, आणि अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. तुम्ही मला फोन केलात. "विनायक, आज विकणाराच पैसे देतोय, पण तेल घेऊन जा म्हणतोय. ठेवायला जागा नाही रे कुणाकडे. आज ज्याच्याकडे रिकामी टाकी तो राजा." मी म्हणालो, "मग पाठवून द्या इकडे. माझी फर्नेस ऑइलची टाकी रिकामीच आहे, पावसाचं पाणी साठतं तिच्यात." तुम्ही इतके हसलात की ताईनं फोन काढून घेतला आणि मला विचारलं, काय सांगितलंस रे यांना, ठसका लागलाय. सगळं शहर दारं लावून बसलेलं असताना आपण दोघं त्या टाकीवर हसत होतो, हे मला फार वेळा आठवतं. भट्टी गॅसवर नेल्याला वर्षं झाली, पण ती टाकी मी अजून भंगारात दिलेली नाही. आता देणारही नाही.

मुक्ताचं मात्र आपण हसण्यावारी नेऊ शकलो नाही. इंजिनिअर झाली, इथपर्यंत तुम्ही खूश होतात. तिनं जहाजावरची नोकरी धरली, तेव्हा तुमचं तोंड उतरलं. तेही कसलं जहाज, तर गॅस कडाक्याच्या थंडीत द्रवरूप करून कतारहून गुजरातेत दहेजला आणणारं, वर्षातून कितीदा तरी त्याच सामुद्रधुनीतून ये-जा करणारं. तुम्ही स्वतः जन्मात जहाजावर पाऊल ठेवलं नाहीत. खडकवासल्याच्या होडीतही तुम्हाला मळमळायचं. तिला परत आणायला तुम्ही काय काय केलंत. पुण्यातल्या नोकऱ्या शोधून दिल्यात, ताईच्या गुडघ्यांचं निमित्त केलंत, मला मध्ये घातलंत. दर सुट्टीत तोच विषय. मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर तुम्ही पुन्हा काढलात, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, इराण-इराकच्या लढाईत त्या आखातात टँकर जळत होते. तेव्हाही तुम्ही तेल मागवत होतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना तुम्ही तिथून आणलंत. मग मी गेले तर काय झालं?"

ताटातली चकली तुम्ही परत ठेवलीत आणि उठून गॅलरीत गेलात. ताई मुक्ताला रागावली. मी तुमच्यामागून आलो. तुम्ही समोरच्या इमारतीतल्या क्लासला आलेल्या मुलांच्या स्कूटर बघत उभे राहिलात. मुक्ता जहाजावर परत गेली तेव्हा तुम्ही तिला नेहमीसारखं "जपून" म्हणालात, तीही "हो" म्हणाली. दिवाळीतल्या त्या वाक्यावर तुम्हा दोघांचं पुढे काहीच बोलणं झालं नाही.

तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि आखातात पेटलं, हे दोन्ही एकाच आठवड्यात. मुक्ताचं जहाज कतारला भरून तयार होतं आणि आखाताच्या आतच अडकलं होतं. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिथंच सगळ्यांच्या तोफा रोखलेल्या. मी रोज धायरीहून सिंहगड रोडची गर्दी कापत हॉस्पिटलात यायचो, आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारायचात, "युद्धविम्याचा दर काय आहे आज?"

अशा पाण्यातून जायचं तर जहाजांना वेगळा विमा काढावा लागतो, आणि धोका वाढला की त्याचा दर वाढतो, हे मला तेव्हा कळलं. मी फोनवर बातम्या वाचून दाखवायला लागलो, अमुक राष्ट्राध्यक्ष असं म्हणाले, तमुक मंत्री तसं म्हणाले, की तुम्ही हात हलवून थांबवायचात. "ते काय म्हणतात ते नको वाचूस. विमेवाले काय मागतात ते वाच. नेत्याला बोलायला खर्च येत नाही."

एका दुपारी ताईचा बांध फुटला. डबा टेबलावर आपटून ती म्हणाली, "अहो, पोरगी तिकडे अडकलीये, आणि तुम्ही विम्याचे दर काय विचारताय? जन्मभर तेच केलंत. एकदा तरी तिचं नाव घ्या." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मलाही त्या क्षणी तुमचा राग आला होता, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी दर थोडा उतरला. मी सांगितल्यावर तुम्ही तो आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलात, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणालात, "चहा मिळेल का रे?" नर्सला वाटलं, औषध लागू पडलं. तुम्ही अर्धा कप चहा प्यायलात आणि तिन्हीसांजेपर्यंत गाढ झोपलात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर विचारता विचारता तुम्ही सबंध वेळ तिचंच नाव घेत होतात. दुसऱ्या कुठल्या भाषेत घ्यायचं ते तुम्हाला येत नव्हतं. मी हे ताईला सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी फोन लावून तीच मला विचारायची, "दर काय आहे रे?"

मुक्ताचं जहाज मी फोनवरच्या नकाशात बघत असायचो, पुढे त्याचा ठिपका नाहीसा झाला. मी गारठलो. तुम्हाला सांगू की नको अशा विचारात दाराशी घुटमळत होतो, तर तुम्हीच ओळखलंत. "दिसेनासं झालं ना? मुद्दाम सिग्नल बंद करतात. कुणाला कळू नये म्हणून. याचा अर्थ निघालेत." बोलणं अगदी थंड, जणू काही रोजचंच. पण चादर तुम्ही मुठीत इतकी घट्ट धरली होती की नर्सला सलाइनची सुई परत नीट लावावी लागली. आपण तिघं तसेच बसून राहिलो. ताईनं मोबाइलवर कुठलं तरी स्तोत्र लावलं होतं, तेही आपोआप संपलं.

मग तुम्ही छताकडे बघत मला म्हणालात, "विनायक, त्या वेळी माझ्या प्रत्येक जहाजावर माणसं असायची रे. पोरंच. केरळची, रत्नागिरीची, फिलिपिन्सची. एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. भाव माहीत असायचा." मी म्हणालो, भावोजी, तुम्ही आणलं नसतं तर देश थांबला असता. तुम्ही म्हणालात, "ते खरंच आहे. तेही खरं आणि हेही खरं." 

संध्याकाळी मुक्ताचा मेसेज आला. बाहेर पडलोय, सगळे ठीक. मी ओरडलोच. ताईनं तुमच्या पायांवर डोकं टेकलं. आणि तुम्ही, हट्टी माणूस, काय म्हणालात? "अजून समुद्रात आहे." ताई डोळे पुसत चहा आणायला गेली, तसं तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि हळू आवाजात निरोप सांगितलात. लहानच निरोप. वर बजावलंत, "लागलं की सांग. आधी नाही." मी म्हणालो, तुम्हीच सांगा की, आता काय चार दिवसांचा प्रश्न. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई तुमचा चष्मा पुसत असताना तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. मी तुमचा चेहरा बघितला आणि मला ते खरं वाटलं.

वैकुंठ स्मशानभूमीत तुमच्या इच्छेप्रमाणे लाकडं न घेता गॅसदाहिनी घेतली. मुक्ताच्या वतीनं बटण मी दाबलं. भट्टीवाला माणूस मी, दाराच्या फटीतून ज्योत बघितली आणि सवयीनं मनात आलं, ज्योत स्वच्छ आहे, हवा बरोबर बसलीये. एवढंही मनात यायला नको होतं, पण आलं. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कुठला गॅस आहे, टर्मचा की स्पॉटचा.

इकडे जहाज दहेजच्या बाहेर येऊन थांबलं, आणि धक्का मोकळा होईना. आखातात तुंबलेली सगळी जहाजं एकदम आलेली, प्रत्येकाला आधी लागायचं. किनारा डोळ्यांना दिसतोय आणि मुक्ताला उतरता येत नाही. ती जहाजावरून फोन करायची. रडायची, मग गप्प व्हायची, मग विचारायची, "मामा, बाबा माझ्यासाठी काही म्हणाले का?" मला तो निरोप अगदी जिभेवर असायचा. कुठल्या माणसाला राहवेल? पण तुम्ही घातलेली अट. मी म्हणायचो, "तू ये, मग सांगतो." एकदा ती वैतागून म्हणाली, "म्हणजे म्हणालेत ना काही तरी?" मी फोन ठेवून दिला. त्या दिवसांत मी तुम्हाला मनात काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही.

ओंकारेश्वराला दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, वाटच बघत बसल्यासारखा. सगळे म्हणाले, समाधानानं गेले, काही इच्छा राहिली नाही. मी मान हलवली. एक माल अजून यायचाय, हे फक्त मला माहीत होतं.

आणि मग लागलं, भावोजी. ताईच्या फोनवर मुक्ताचा फोन आला. ताईनं विचारलं, "दोर बांधले?" कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. तुमचाच प्रश्न, तुमच्याच आवाजात. पलीकडून पोरगी म्हणाली, "बांधले, आई. नळी जोडतायत." ताई फोन हातात धरून जमिनीवरच बसली.

काल मुक्ता घरी आली. तुमच्या फोटोसमोर खूप वेळ बसली. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि आम्हा दोघांकडे न बघता म्हणाली, "मामा, मी ठरवलंय. आता जाणार नाही. बाबांना नकोच होतं. शेवटी त्यांचं ऐकते तरी." ताई चहा करत होती. तिचा हात थांबला. माझ्या लक्षात आलं, गेली कितीतरी वर्षं हेच वाक्य ऐकायची तिची इच्छा होती.

मी मुक्ताला विचारलं, "जहाज लागलं का?"

"म्हणजे काय मामा, मी इथे उभी आहे ना."

"लागलं का ते सांग."

 कशाचं विचारतोय ते तिला समजलं. "लागलं," ती म्हणाली.

"मग ऐक. बाबांनी सांगितलंय, तुझं दिवाळीतलं बोलणं बरोबर होतं. आणि पुढच्या फेरीला जा म्हणालेत."

भावोजी, ती रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली आणि मोठा श्वास सोडला, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला, आणि मला एकदम भूक लागली.

ताई पाठ करून उभी होती. आधण उतू जायला आलं, तसा तिनं गॅस बारीक केला. मला वाटलं, आता ती तुमच्यावर बरसणार; मला कुणी विचारलंत का, म्हणणार. तिनं तीन कप काढले, चहा गाळला, पहिला कप मुक्तासमोर ठेवला आणि विचारलं, "कधीची आहे गं पुढची फेरी?"

मुक्तानं सांगितलं. पेढे आणतो, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि ते गिळून टाकलं. ती जाऊन परत आली, की आणीन.